विज्ञानकथेच्या गटाला नियम किती, कुठले आणि ते लावायचे कुणी?

रंकाळा_रोबो

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात विज्ञानकथा वाचणाऱ्या, पाहणाऱ्या आणि थोडंफार लिहिणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट मी आणि माझे दोन मित्र चालवतो. सुरुवातीला सगळे ओळखीचेच होते, राजारामपुरीत चहाला बसलं की अख्खा गट जमायचा. आता तीनशेच्या वर माणसं आहेत. इचलकरंजी, गडहिंग्लज, सांगली, शिवाय पुण्या-मुंबईला गेलेले कोल्हापूरकर. माणसं वाढली तशी भांडणं वाढली.

ताजं भांडण असं. एका वेबमालिकेचा शेवटचा भाग मध्यरात्री आला आणि एका गड्यानं सकाळी साडेसातला शेवटी कोण मरतं ते गटात टाकून दिलं, वर रडका चेहरा. निम्मा गट अजून दात घासत होता. दुपारपर्यंत एकमेकांची अक्कल काढून झाली आणि दोघं गट सोडून गेले. त्याआधी पुष्पक विमानावरून पेटलं होतं, त्याच्याही आधी पीडीएफवरून.

म्हणून आता लेखी नियम करायला बसलोय. कच्चा खर्डा: शेवट पंधरा दिवस फोडायचा नाही. राजकारण, धर्म, जात बंद. शुभ सकाळ आणि फॉरवर्ड बंद. गटात खऱ्या नावानंच यायचं, टोपणनाव चालणार नाही. पीडीएफ मागायची नाही, द्यायची नाही. तीनदा चुकला की बाहेर.

आम्हा तिघांतच एकमत नाही. एक म्हणतो ही शाळा झाली, दुसऱ्याला अजून दहा नियम हवेत. ज्यांनी गट चालवलेत त्यांनी अनुभव सांगा.

तालीममास्तर

पयला नियम: ॲडमिननं रात्री अकरानंतर फोन हातात घ्यायचा न्हाई. निम्मी भांडणं तिथंच मिटत्यात.

मिसळ_मंगळावर

जागा धरून ठेवतो. फरसाण घेऊन बसलोय, चालू द्या.

अणुरेणु

पंधरा दिवस कशाचे? सिनेमाचे ठीक आहेत. पुस्तकाचे कुठून मोजणार? मी वाचनालयातून पुस्तकं आणते. नवीन पुस्तक माझ्या हातात येईपर्यंत कधी कधी वर्ष उलटतं. आणि पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी आज पहिल्यांदाच उघडणारा एखादा अकरावीतला मुलगाही तुमच्या गटात असेलच की.

त्यामुळे मुदत वगैरे नको. पहिल्या ओळीत कलाकृतीचं नाव आणि 'शेवट फुटतोय' एवढं लिहायचं. खाली भरपूर रिकाम्या ओळी सोडायच्या, म्हणजे व्हॉट्सॲप मजकूर दुमडून 'पुढे वाचा' दाखवतं. ज्याला वाचायचंय तो दाबेल. हा नियम बारा महिने चालतो, कॅलेंडर बघावं लागत नाही.

परग्रही_पाहुणा

अणुरेणु यांच्याशी सहमत. थोडा इतिहास सांगतो, म्हणजे रंकाळा_रोबो यांना एकटं वाटायला नको. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर १९७९ च्या सुमारास विज्ञानकथाप्रेमींची 'एसएफ-लव्हर्स' नावाची डाकयादी, म्हणजे सगळ्यांना एकदम ईमेल जाणारी यादी, होती. अशा प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या याद्यांपैकी एक. सरकारी संशोधनासाठी उभारलेल्या जाळ्यावर हे लोक कादंबऱ्यांवर गप्पा मारत होते. पत्रं इतकी वाढली की एका माणसानं ती गोळा करून, नीट लावून, एकत्र अंक पाठवायला सुरुवात केली. म्हणजे नियंत्रकाची गरज पहिल्या दोन-चार वर्षांतच पडली.

पुढे १९८० च्या दशकात यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर गुपित झाकायला 'रॉट-१३' वापरायचे. इंग्रजीत २६ अक्षरं, प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवायचं. मजकूर अगम्य होतो आणि परत १३ सरकवलं की मूळ जागेवर येतो. हे कुलूप कुणीही उघडू शकतो. मुद्दा एवढाच की चुकून नजर पडून शेवट कळत नाही, मुद्दाम उघडावं लागतं.

मिसळ_मंगळावर

देवनागरीत हे कसं करणार? आपल्याकडे काना, मात्रा, जोडाक्षरं. सरकवता सरकवता ळ वर जाऊन अडकायचं. त्यापेक्षा आपली च ची भाषा काय वाईट आहे? पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, पुढे च लावायचा. 'चबोरो चरतोम.' झालं की गुपित!

तालीममास्तर

अरं म्हंजे रोबो मरतोय व्हय शेवटी? मी कालच पयला भाग बघितला की रं! फोडलंस!

मिसळ_मंगळावर

मास्तर, हे नुसतं उदाहरण होतं!

तालीममास्तर

आता काय उपयोग. चाता चायक चपयोगउ.

रंकाळा_रोबो

हसून हसून पुरेवाट. पण मास्तर, तुम्ही फुटबॉलवाल्यांचा मोठा गट चालवता ना? तिथलं सांगा की जरा.

तिरकी_टोपी

मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. शेवट कळल्यानं जी कथा मेली ती आधीच आजारी होती. आख्यानाचा शेवट आपल्या आजी-पणजीला तोंडपाठ असायचा, तरी कीर्तनाला रात्र रात्र बसायच्याच की त्या. आजकाल कथेत एकच धक्का असतो आणि तो जपायला तीनशे माणसांना नियम लावायचे. नियमांनी कुठलाही गट चांगला झालेला मी पाहिला नाही, फक्त मुका झालेला पाहिलाय.

अणुरेणु

तिरकी_टोपी, कीर्तनाला बसणारी आजी शेवट माहीत असूनही स्वतःच्या मनानं बसायची. इथे दात घासताना कुणीतरी जबरदस्तीनं सांगतोय. फरक आहे.

तालीममास्तर

रोबोभाऊ, आमचं आईकायचं तर आईका. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की गट आदल्या रात्रीच 'फक्त ॲडमिन' वर टाकतो. सामना संपल्यावर दोन-तीन तास तसाच. लोकं शिव्या घालत्यात, मला फोन करून घालत्यात, पर गटात न्हाई घालत. राग उतरला की गट उघडायचा. मग जे येतंय ते खरंच खेळाबद्दल आस्तंय, पासिंग चुकलं, गोलकीपर पुढं का आला, असलं. तुमच्यात नवी मालिका येती तवा तेवढा येक दीस तसंच करा. त्याला नियम लागत न्हाई, नुसतं बटान लागतंय.

दुसरं, ज्याला काढायचा त्याला आधी फोन करायचा. लिहून न्हाई. फोनवर माणूस नरमतोय, लिहिलं की चढतोय.

परग्रही_पाहुणा

मास्तरांचा फोनवाला मुद्दा लाखमोलाचा आहे.

पन्हाळ्याचं_धुकं

मी या गटात आहे आणि निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे, त्यामुळे थोडं लांबेल. 'धर्म बंद' या नियमाबद्दल बोलायचंय.

नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळी मी गटात एक टिपण लिहिलं होतं. दरवर्षी ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोचतात. हे दोनच काळ का? कॅलेंडर घेऊन मोजा. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी येतो आणि ३१ जानेवारी तितकेच दिवस नंतर. म्हणजे सूर्य जाताना आणि येताना आकाशातल्या त्याच जागेवरून जातो, क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, सुमारे उणे १७ अंश. मंदिर बांधणाऱ्यांनी क्षितिजावरची ती जागा नेमकी धरली. वाटेत एखादी इमारत उंच झाली किंवा ढग आले की किरणं अडतात, याचं कारणही त्यातच आहे.

एखाद्या परक्या ग्रहावर असं मंदिर बांधायचं झालं, जिथे अक्षाचा कल २३ नाही तर ४० अंश आहे, तर उत्सव कधी येईल, असा प्रश्न मी शेवटी टाकला होता. यापेक्षा विज्ञानकथेला धरून दुसरं काय असेल? पण एकानं 'मग यात देवीचं काय' असं लिहिलं, दुसऱ्यानं 'श्रद्धेचा अपमान' म्हटलं आणि तासाभरात ॲडमिननी सगळंच पुसून टाकलं, माझ्या आकडेमोडीसकट. दोन वाक्यं वाईट होती, ती पुसायची. विषयानं काय घोडं मारलं होतं?

विषयांवर बंदी घालणं सोपं असतं कारण विचार करावा लागत नाही. भाषेवर, वागण्यावर लक्ष ठेवायला वाचावं लागतं.

मिसळ_मंगळावर

सर, कल ४० अंशाचा प्रश्न अजून डोक्यात आहे. वर्षभर महाद्वार रोडवर पार्किंग मिळेल का त्या ग्रहावर?

पन्हाळ्याचं_धुकं

पार्किंग कुठल्याच कलाला मिळत नाही.

बिंदू_चौक

पुष्पक विमानाच्या भांडणात मीच होतो, म्हणून माझी बाजू. विमान कथेत आणलं, त्याला इंधन पाऱ्याचं दिलं, रावणाला वैमानिक परवाना दिला, तर मी टाळ्या वाजवीन. पण 'हे खरंच उडत होतं, इंग्रजांनी लपवलं' असं लिहिलं की तो दावा होतो आणि दाव्याला पुरावा लागतो. ज्या संस्कृत ग्रंथाचा नेहमी दाखला देतात त्यातल्या विमानांचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये केला आणि ती उडणं शक्य नाही असं स्वच्छ लिहिलं. तरी २०१५ ला मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्यावर निबंध वाचला गेलाच आणि देशभर गदारोळ झाला. तिथे जे मिटलं नाही ते आपल्या गटात मिटणार नाही. तेव्हा लिहिणाऱ्यानं आधीच सांगावं, हे कल्पना म्हणून की खरं म्हणून. खरं म्हणून असेल तर दुवा द्या, नाहीतर मजकूर उडणार.

तिरकी_टोपी

आणि दुवा विश्वासार्ह आहे हे कोण ठरवणार? तीन ॲडमिन? त्यातला एक तर स्वतः सपाट पृथ्वीचे व्हिडिओ 'रोचक' म्हणून पाठवतो, मी पाहिलेत.

रंकाळा_रोबो

तो गंमत म्हणून पाठवतो हो.

तिरकी_टोपी

सगळे गंमत म्हणूनच पाठवतात.

कलम_दवात

कायद्याचं थोडं सांगतो, कारण ॲडमिन लोक दोन टोकांना असतात, एक तर भेदरलेले नाहीतर बिनधास्त. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये तसंच म्हटलं. तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

पण तुम्ही स्वतः तोच मजकूर पुढे ढकलला, त्यावर अंगठा दाखवला, किंवा पोलिसांनी विचारल्यावर पुसापुशी केली, तर गोष्ट वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ ला रद्द केलं म्हणून सगळं मोकळं झालं असं समजू नका. भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ ही कलमं आहेतच, एक समाजगटांत वैर पसरवण्याबद्दल, दुसरं धार्मिक भावना दुखावण्याबद्दल.

आणि आपल्या शहराला हे शिकवायची गरज नाही. जून २०२३ मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून शहरात कसा हिंसाचार झाला, इंटरनेट कसं बंद झालं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. सरांचं टिपण पुसणं चूकच होतं. पण ॲडमिन का घाबरले तेही समजू शकतं. त्या रात्री तुम्ही झोपलात, ते जागे होते.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

पीडीएफबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मी विद्यार्थी आहे. आमच्याकडे नवीन विज्ञानकथा ठेवणारं दुकान नाही. जुने संग्रह छापीलच मिळत नाहीत. पुस्तक विकतच मिळत नसेल तर पीडीएफ वाचून मी लेखकाचं नेमकं काय चोरतो?

अणुरेणु

प्रश्न रास्त आहे. पण कायदा सोपा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. छापील प्रत संपली म्हणून हक्क संपत नाही. मराठी विज्ञानकथा मुळात दिवाळी अंकांवर जगते. त्यातली कित्येक लेखक मंडळी हयात आहेत, काही तर कोल्हापूर-सांगलीतच आहेत. त्यांच्याच समोर त्यांची कथा स्कॅन करून वाटायची हे मला तरी बघवत नाही.

मार्ग आहे. माझ्याकडे विज्ञानकथा असलेले जुने दिवाळी अंक पडून आहेत, बऱ्याच जणांकडे असतील. गटाची एक पेटी करा आणि फिरवा. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची संस्था शहरात आहे, तिथलं सदस्यत्व काढा. आणि एखादी कथा कुठेच मिळत नसेल तर लेखकाला पत्र लिहा. लोक स्वतःहून पाठवतात, मला दोघांनी पाठवलीय.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

पेटी गडहिंग्लजला येणार असेल तर माझा पीडीएफचा दावा मागे.

तालीममास्तर

यष्टीनं टाकू. कंडक्टर ओळखीचा हाय.

निळी_शाई

खऱ्या नावाच्या नियमाला माझा ठाम विरोध. डॉ. जयंत नारळीकर आपल्याच गावचे, १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी लावून. परीक्षकांनी नावाला नव्हे, कथेला बक्षीस द्यावं म्हणून. आणि पहिलं बक्षीस मिळालं. रोबोभाऊ, तुमच्या नियमात ते गटाबाहेर असते!

मी स्वतः टोपणनावानंच लिहितो, पुढेही तसंच लिहीन.

तालीममास्तर

शंभर टक्के बरोबर बोललास दादा.

निळी_शाई

मास्तर, दादा नाही, ताई. आमच्या घरात आई, मावश्या, सगळ्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मीही तसंच लिहितो.

तालीममास्तर

आयला. माफ करा ताई. आमची आत्याबी आसंच बोलती, तरी डोक्यात आलं न्हाई.

निळी_शाई

माफी कसली, फायदाच होतो. गटात सगळे मला पुरुष समजतात, त्यामुळे रात्री साडेअकराला 'जेवलीस का' असा एकही निरोप मला आलेला नाही. बाकीच्या मुलींना विचारा.

जास्वंद

निळी_शाई यांनी विषय काढलाच आहे तर लिहून टाकते. मी या गटात होते. उन्हाळ्यात बाहेर पडले. सोडताना कारण लिहिलं नाही, कोणी विचारलंही नाही.

मी गटात एक लहान कथा टाकली होती. एका सदस्याला आवडली, त्यानं गटात कौतुक केलं. छान वाटलं. मग वेगळा निरोप आला, कथेबद्दल. मग दुसरा, राहता कुठे. मग तिसरा, शाहूपुरीत एकट्याच का. मग माझा फोटो माझ्याच प्रोफाइलवरून काढून मला पाठवला, 'तुमच्या नायिकेसारखा'. मी ब्लॉक केलं तर त्यानं दुसऱ्या नंबरवरून लिहिलं. तुमच्या तिघांपैकी एका ॲडमिनला मी सांगितलं. उत्तर आलं, 'ताई, दुर्लक्ष करा, माणूस चांगला आहे, गटात फार मोलाचं लिहितो.'

तो अजून गटात आहे. अजून मोलाचं लिहितो. माझ्यानंतर माझ्या ओळखीच्या आणखी दोघी गेल्या. तुमच्या खर्ड्यात शेवट फोडण्याला नियम आहे, शुभ सकाळला नियम आहे. याला नाही.

अणुरेणु

जास्वंद, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मिसळ_मंगळावर

फरसाण बाजूला ठेवलं. रोबोभाऊ, आधी हे.

तिरकी_टोपी

मी नियमांच्या विरोधात आहे, पण यात नियमाचा प्रश्नच नाही. एका माणसाला बाहेर काढायला खर्डा कशाला हवा?

निळी_शाई

हवा, कारण खर्डा नव्हता म्हणूनच 'दुर्लक्ष करा' म्हणता आलं.

रंकाळा_रोबो

जास्वंद, निरोप पाठवलाय, नाव मला हवंय. त्या माणसाला आज रात्रीच काढतोय, आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं होतं तेही बघतो. ते इथे चघळत नाही.

बाकीच्यांना विचारतो, नंबर लपवता येतात का?

परग्रही_पाहुणा

साध्या व्हॉट्सॲप गटात नाही. गटात शिरला की प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. प्रोफाइल फोटो फक्त आपल्या संपर्कांना दिसेल असं ठेवता येतं, तेवढं सगळ्यांना आजच करायला सांगा. नवीन सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनंतरच येईल, ही सोयही चालू करा.

टेलिग्रामवर नंबर पूर्ण झाकता येतो, नुसतं वापरनाव दिसतं. तिथे मजकूर झाकायची सोयही आहे, बोट लावलं की उघडतो, म्हणजे शेवट फुटण्याचा प्रश्नही मिटला. 'स्लो मोड' लावला तर एका माणसाला ठराविक वेळानंच लिहिता येतं, भांडण आपोआप थंडावतं. विषयवार कप्पे करता येतात.

पन्हाळ्याचं_धुकं

आणि आम्ही म्हाताऱ्यांनी आता नवीन ॲप शिकायचं? माझ्या बरोबरीचे चार जण कसेबसे व्हॉट्सॲपवर आलेत.

निळी_शाई

सर, चष्म्याचा नंबर बदलला की शिकताच ना? मी घरी येऊन शिकवतो.

पन्हाळ्याचं_धुकं

या. किरणोत्सवाचं टिपणही माझ्याकडे कागदावर आहे, ते नव्या ठिकाणी पहिलं टाकू.

कलम_दवात

तीनदा चुकला की बाहेर, यावर शेवटचं बोलतो. चाहत्यांनी चाहत्यांना बाहेर काढणं विज्ञानकथेत नवीन नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन झालं, तिथेच आयोजकांनी सहा जणांना दारावरून परत पाठवलं. राजकीय पत्रकं वाटतील म्हणून. त्यातले काही पुढे नावाजलेले लेखक आणि संपादक झाले, आणि तो प्रसंग आजही सांगितला जातो. अलीकडचं म्हणजे चीनमधलं २०२३ चं चेंगडू संमेलन. विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारात पुरेशी मतं असूनही काहींना अपात्र ठरवलं, कारण सांगितलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये आकडे बाहेर आले तेव्हा संयोजकांची पुरती शोभा झाली.

चेंगडूला लोक जास्त चिडले ते कारण लपवल्यामुळे. तेव्हा काढायचं तर का काढलं ते त्या माणसाला लिहून द्या. दोन ॲडमिनचं एकमत हवं. त्याला उलट बोलायला एक संधी द्या, सहा महिन्यांनी परत अर्ज करू द्या. जास्वंद यांच्या प्रकरणासारख्या गोष्टींत मात्र तीनदा वगैरे नाही, एकदाच.

जास्वंद

आणि तिन्ही ॲडमिन पुरुष नकोत. मला तेव्हा सांगायला कुणी बाई असती तर निदान 'दुर्लक्ष करा' ऐकावं लागलं नसतं.

मिसळ_मंगळावर

एआयनं लिहिलेल्या कथांचं काय? आपल्याकडे एक जण रोज सकाळी 'माझी नवी कथा' टाकतो. रोज! सगळ्यांत नायक खिडकीतून बाहेर बघत संपतो.

बिंदू_चौक

'एआयची मदत' असं वर लिहायचं आणि रविवारीच टाकायचं. बाकी सहा दिवस माणसांना द्या.

रंकाळा_रोबो

त्या माणसाला काढलं. त्याला कारण लिहून दिलं आहे. ॲडमिनपैकी एक जण स्वतःहून बाजूला झाला, त्यावर इथे चर्चा नको.

नवीन खर्डा असा होतोय. समोरच्यानं नको म्हटल्यावरही त्याला खाजगी निरोप पाठवला तर पाठवणारा थेट बाहेर, तीनदाची सवलत नाही. विषयांवर बंदी नाही. व्यक्तीवर घसरलं की तेवढा मजकूर पुसायचा, अख्खी चर्चा नाही, आणि का पुसलं ते एका ओळीत लिहायचं. दावा असेल तर दुवा. शेवट फुटत असेल तर वरती इशारा, नव्या मालिकेच्या दिवशी मास्तरांचं 'बटान'. टोपणनाव चालेल. पीडीएफ नाही, दिवाळी अंकांची पेटी फिरेल, पहिली फेरी अणुरेणु यांच्याकडून. काढायचं तर दोघांचं एकमत आणि लेखी कारण. निळी_शाई आणि अणुरेणु ॲडमिन व्हायला तयार आहेत. टेलिग्रामवर जायचं का, ते गटात मत घेऊन ठरवू.

जास्वंद, परत याल का हे विचारत नाही. दार उघडं आहे.

जास्वंद

टेलिग्रामवर गेलात तर बघू. व्हॉट्सॲपवर नाही.

तालीममास्तर

यादीत शुभ सकाळ बंद हाय का न्हाई ते लिवलंच न्हाई तुमी. मी रोज सकाळी रंकाळ्याचा फोटू टाकतोय, माझा स्वतःचा काढलेला.

रंकाळा_रोबो

मास्तर, फोटोत उडती तबकडी असेल तर चालेल.

तिरकी_टोपी

माझा विरोध तसाच आहे, नोंद घ्यावी. पण मत घ्याल तेव्हा मी टेलिग्रामलाच देणार.